प्रवाहपतित अंड्यांचे गणित

पावसाळ्याच्या आरंभी गंगेला आणि तिच्या उपनद्यांना गढूळ पाण्याचा पूर आला, की बंगाल-बिहारकडील मच्छीमार पूर्वी एका निराळ्याच पिकाच्या सुगीला लागत. बारीक विणीची, नरसाळ्यासारखी निमुळती जाळी ते काठालगतच्या प्रवाहात रोवून ठेवीत आणि रोहू, कटला, मृगळ या माशांची पाण्याबरोबर वाहत आलेली अंडी व नुकतीच जन्मलेली पिल्ले त्यांत गोळा करीत. या इवल्या पिल्लांना मत्स्यव्यवसायात ‘जिरे’ असे समर्पक नाव आहे. मातीच्या हंड्यांत भरलेले हे जिरे रेल्वेने दूरदूरच्या तळ्यांकडे रवाना होई. पुढे १९५७ साली ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांना पोष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त जागेत अंडी घालवून घेण्यात यश आले, आणि जिऱ्यासाठी नदीच्या तोंडाकडे पाहण्याची गरज हळूहळू कमी झाली. परंतु एक गोष्ट त्या मच्छीमारांना पिढीजात अनुभवाने ठाऊक होती. काही जातींचे मासे आपली संतती पाण्याच्या हवाली करून मोकळे होतात, आणि ती संतती कोठे जाऊन पोहोचेल हे माशावर नव्हे, तर नदीवर अवलंबून असते.

गंगेकाठी जी गोष्ट उपजीविकेचे साधन होती, तीच उत्तर अमेरिकेत आज मोठ्या चिंतेचा विषय होऊन बसली आहे. तेथे प्रश्न जिरे कसे मिळवावे हा नसून ते कोठवर पोहोचेल आणि त्याला कोठे अडवता येईल, हा आहे.

हे मासे मूळचे चीन आणि पूर्व आशियातील मोठ्या नद्यांमधले. गवत्या, चंदेरा, बिगहेड आणि काळा कार्प ही ती चार भावंडे. त्यांपैकी पहिली दोन नावे महाराष्ट्रातील मत्स्यशेती करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहेत. गवत्या पाणवनस्पती खातो, म्हणून तलावांतील तण काढण्याचे काम त्याच्यावर सोपवावे या हेतूने १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत नेण्यात आले. चंदेरा आणि बिगहेड १९७० नंतरच्या दशकात गेले. पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाण्याच्या त्यांच्या सवयीमुळे तळी स्वच्छ राहतील, असा तेव्हाचा हिशोब होता. तळ्यांतून ते सुटले, मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरले आणि इलिनॉय नदीच्या काही भागांत तर अन्य माशांना पुरून उरले. यांत्रिक नावेचा आवाज होताच चंदेरा माशांचे थवेच्या थवे पाण्याबाहेर उसळतात आणि नावेतील माणसांवर आदळतात. वर्तमानपत्रांना त्याची छायाचित्रे फार आवडतात. खरे नुकसान मात्र डोळ्यांना न दिसणारे आहे. ज्या सूक्ष्म जीवांवर तेथील सर्व देशी माशांची पिल्ले वाढावयाची, तेच हे पाहुणे गिळून टाकतात. या माशांना पूर्वी सरसकट ‘एशियन कार्प’ म्हणत. अलीकडे तेथील सरकारी लिखाणात ‘आक्रमक कार्प’ हा शब्द रूढ झाला आहे, आणि ते योग्यच झाले. कारण आशियाने हे मासे पाठविले नव्हते, अमेरिकेनेच ते मागवून घेतले होते.

इलिनॉय नदीच्या वरच्या अंगाला पाच महासरोवरांचा प्रदेश लागतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या सरोवरांत साठलेला आहे आणि तेथील मासेमारीवर असंख्य लोकांचा चरितार्थ चालतो. निसर्गतः सरोवरांचे पाणी आणि मिसिसिपीचे पाणी एकमेकांपासून अलग होते. शिकागो शहराचे सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून १९०० साली एक कालवा खुला करण्यात आला, शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरविण्यात आला आणि दोन जलसृष्टींमधील कवाड उघडले गेले. आता त्याच कालव्यात पाण्यामध्ये वीज खेळवून माशांना थोपविणारा अडसर घालण्यात आला आहे. त्यातील पहिला २००२ पासून काम करू लागला. एका शतकात तोच कालवा खणण्यासाठी आणि तोच बंद राखण्यासाठी पैसा ओतावा लागला, ही लोकव्यवस्थेच्या इतिहासातील नमुनेदार गोष्ट म्हटली पाहिजे.

पण समजा, काही मासे हा अडसर चुकवून किंवा अन्य कोणत्या मार्गाने सरोवरांत पोहोचलेच, तर पुढे काय? चार-दोन मासे पोहोचणे म्हणजे वस्ती होणे नव्हे. वस्ती होण्यासाठी त्यांना सरोवराला मिळणारी अशी नदी हवी, जिच्यात त्यांची अंडी तग धरतील. अशा नद्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणती धोक्याची आणि कोणती निर्धास्त, हे ठरविल्यावाचून माणसे, नावा आणि पैसा कोठे लावावा हे ठरत नाही. येथून पुढे हा विषय मत्स्यशास्त्राच्या हातातून जलगतिशास्त्राच्या हातात जातो.

या माशांचे अंडे भिजविलेल्या साबुदाण्याची आठवण करून देते. बाहेर पडते तेव्हा ते एक ते दीड मिलिमीटर व्यासाचे असते. पाण्याचा स्पर्श होताच ते पाणी शोषू लागते आणि काही तासांतच फुगून चार ते सहा मिलिमीटरचे, पारदर्शक, मऊ असे होते. मधोमध जीवाचा ठिपका आणि भोवती पाण्याने भरलेले आवरण. फुगल्यामुळे त्याची घनता जवळजवळ पाण्याइतकी होते, पण पुरती पाण्याइतकी नाही. ते किंचित जड राहते, आणि सारे रहस्य या ‘किंचित’ शब्दात आहे. स्थिर पाण्यात हे अंडे सावकाश तळाशी बसते. तेथे गाळाखाली गाडले गेले, की त्याचा प्राणवायू तुटतो आणि ते मरते. वाहत्या पाण्यात मात्र खळबळ असते. लहानमोठे भोवरे त्याला पुन्हा पुन्हा वर उचलतात आणि ते तरंगतही नाही, बुडतही नाही, अशा अवस्थेत प्रवासाला निघते. मादी लाखो अंडी घालते. त्यांचे रक्षण करीत नाही, घरटे बांधीत नाही, दगडाला चिकटवीतही नाही. पाणी तापले आणि नदी चढू लागली की ती उताराच्या, खळाळत्या जागी अंडी सोडते. संगोपनाचे काम नदीचे.

अंडे फुटेपर्यंत नदीने त्याला वाहत ठेवले पाहिजे. हा काळ किती, हे पाण्याच्या उष्णतेवर ठरते. पाणी २५-२६ अंशांचे असेल तर सुमारे एका दिवसात पिल्लू बाहेर येते. १८ अंशांच्या आसपास असेल तर अडीच दिवसांपर्यंत थांबावे लागते. आणि १३ अंशांच्या खाली तर वाढ जवळजवळ थांबतेच. बाहेर आलेले पिल्लूही लगेच पोहू लागत नाही. त्याचा वाताशय हवेने भरून ते आडवे पोहू लागेपर्यंत आणखी काही दिवस जातात, आणि तोवर तेही बरेचसे प्रवाहपतितच असते.

यावरून जुन्या अभ्यासकांनी एक ढोबळ नियम बसविला होता. नदीचा वेग सेकंदाला सुमारे ०.७ मीटर हवा आणि धरणाने न तुटलेला प्रवाह निदान १०० किलोमीटर हवा. याहून आखूड नदीत या माशांची वीण होणार नाही. सरोवरांना मिळणाऱ्या पुष्कळ नद्या या कसोटीला उतरत नव्हत्या, त्यामुळे साहजिकच पुष्कळांना हायसे वाटले. परंतु हा नियम मुख्यतः मोठ्या नद्यांच्या अनुभवावरून काढलेला होता, आणि मोठ्या नदीत मासा १०० किलोमीटर वापरतो म्हणून त्याला तितके लागतातच असे होत नाही. साधा त्रैराशिकाचा हिशोब करून पाहावा. प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.३ मीटर आहे आणि पाणी २६ अंशांचे आहे. एका दिवसात अंडे सुमारे २६ किलोमीटर जाईल आणि तेवढ्यात फुटेल. तेच पाणी १८ अंशांवर असेल तर ६० तास लागतील आणि अंतर ६५ किलोमीटर होईल. म्हणजे मंद पण उबदार नदी आखूड असली तरी भागते. अट एवढीच, की त्या मंद वेगातही अंडे बुडता कामा नये. किती मंद वेगात ते बुडते? मोजणीअंती असे दिसले, की सेकंदाला १५ ते २५ सेंटिमीटर इतका वेगही अंड्यांना वाहत ठेवण्यास पुरतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सरोवरांना मिळणाऱ्या मिलवॉकी, सेंट जोसेफ, मॉमी आणि सँडस्की या चार नद्यांची पाहणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला, की सुमारे २५ किलोमीटरचा अखंड प्रवाहही पुरेसा होऊ शकतो. शंभराचे पंचवीस झाले आणि निर्धास्त नद्यांची यादी एकदम आखूड झाली.

त्रैराशिकाने येथवर येता येते, पुढे नाही. नदी म्हणजे एका वेगाने सरकणारा पट्टा नव्हे. पृष्ठभागाजवळ पाणी जोराने धावते, तळाशी रेंगाळते; डोहात थबकते, खडकाळ उतारावर उसळते. एकाच मादीने एकाच क्षणी सोडलेल्या अंड्यांपैकी काही पुढे निघून जातात, काही मागे पडतात. त्यांचा जो पुंजका प्रथम मुठीएवढा असतो, तो एका दिवसाने कित्येक किलोमीटर लांब पसरलेला असतो. या पसरण्याचा हिशोब करण्यासाठी इलिनॉय विद्यापीठात तातियाना गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या साहाय्याने एक गणिती प्रतिमान रचले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. ‘फ्लुव्हियल एग ड्रिफ्ट सिम्युलेटर’ या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप ‘फ्लूएग’ असे केले जाते.

त्याची रीत समजण्यास कठीण नाही. नदीचे लांबीच्या दिशेने तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्याची खोली, वेग, खळबळीची तीव्रता आणि तापमान संगणकास पुरवावयाचे. मग वरच्या टोकाला काही हजार काल्पनिक अंडी सोडावयाची. दर काही सेकंदांनी प्रत्येक अंड्याची जागा नव्याने ठरते. ते ज्या खोलीवर असेल तेथील वेगाने पुढे सरकते. स्वतःच्या भाराने थोडे खाली उतरते. आणि भोवऱ्यांचा धक्का म्हणून वर, खाली किंवा बाजूला एक अनिश्चित पाऊल टाकते. हे शेवटचे पाऊल किती आणि कोणीकडे, हे संगणक फासे टाकून ठरवितो, मात्र फासे किती जोरात उधळावे हे त्या ठिकाणच्या खळबळीवरून ठरते. सारीपाटावरील सोंगटीप्रमाणे अंडे घरामागून घर पुढे जाते. याखेरीज या प्रतिमानात एक विशेष आहे. वाळूचा कण वाहताना बदलत नाही. अंडे मात्र बदलत राहते. पहिल्या तासांत ते लहान आणि तुलनेने जड असते, मग फुगून हलके होते. म्हणून त्याचा व्यास आणि घनता ही वयाबरोबर बदलत ठेवावी लागतात. ज्या अंड्याला पहिल्या तासांत चांगली खळबळ लाभली, ते पुढे तरण्याचा संभव अधिक. मासे खळाळाची जागा का निवडतात याचा खुलासाही यातून होतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पाण्यातील कणांच्या दिशाहीन भटकंतीचा गणिती उलगडा आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट आइन्स्टाइन हे नद्यांचे अभियंते झाले, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. नदीच्या तळावरून सरकणारे गोटे आणि वाळू यांचा प्रवास संभाव्यतेच्या गणिताने मोजावा, असे प्रतिपादन करणारा त्यांचा प्रबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी हंटर राउझ यांनी वाहत्या पाण्यात गाळ कोणत्या खोलीवर किती राहील, याचे सूत्र दिले. खाली ओढणारा भार आणि वर उचलणारी खळबळ यांचे गुणोत्तर त्यात आहे. धरणे गाळाने भरू नयेत म्हणून विकसित झालेले हे शास्त्र पाऊणशे वर्षांनी माशाच्या अंड्यांच्या कामी आले. अंडे म्हणजे काय, तर वयाबरोबर हलका होत जाणारा जिवंत वाळूचा कण.

ही कल्पना प्रत्यक्षात कसोटीला लागली ती ओहायो राज्यातील सँडस्की नदीवर. ही नदी ईरी सरोवरास मिळते, आणि बॅलव्हिल येथील धरणापासून मुखाजवळच्या उपसागरापर्यंत तिचा मोकळा प्रवाह होता जेमतेम २५ किलोमीटरांचा. जुन्या नियमाप्रमाणे ती सर्वस्वी निर्धास्त नदी. २०१२ मध्ये तेथे गवत्या माशाची चार लहान पोरे सापडली. ती कोणाच्या तळ्यातून निसटली असतील असा तर्क सहज करता आला असता. परंतु माशाच्या कानात चुनखडीचे सूक्ष्म खडे असतात आणि ज्या पाण्यात मासा वाढला त्याची रासायनिक खूण त्यांत उमटून राहते. त्या खुणेवरून ही पोरे नदीतच जन्मलेली असावीत असे दिसून आले. मग २०१५ च्या उन्हाळ्यात, पुराच्या दिवसांत, टोलिडो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नदीत जाळी लावली आणि त्यांना गवत्याची अंडी मिळाली. किती? अवघी आठ. महासरोवरांस मिळणाऱ्या नदीत या माशाची वीण होत असल्याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

आठ अंड्यांवरून काय कळणार, असे कोणालाही वाटेल. पण प्रतिमान उलटे चालविता येते. अंड्याची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणजे ते कोणत्या टप्प्याला आहे हे समजते. पाण्याचे तापमान ठाऊक असल्याने त्याचे वय तासांत सांगता येते. आणि त्या तासांत नदी किती वेगाने वाहत होती याची नोंद असते. मग अंडे सापडले त्या जागेपासून काळ मागे मागे नेत ते कोठून निघाले असावे, तेथवर जाता येते. सँडस्कीच्या बाबतीत ही वाट धरणाखाली, फ्रीमाँट शहराजवळील खळाळत्या पाण्याकडे घेऊन गेली. इलिनॉय नदीतही हीच उलट्या काळाची रीत वापरून २०१८ मध्ये विणीच्या जागांचा माग काढण्यात आला. या माहितीचे मोल प्रशासकाला चटकन कळते. शेकडो किलोमीटरांच्या जलमार्गात कोठेतरी असलेला मासा पकडणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. पण पाणी अमुक अंशांवर गेले, नदी अमुक उंचीने चढली, की त्या रात्री मासे अमुक दोन-तीन किलोमीटरांत गोळा होतील, असे सांगता आले तर नावा कोठे आणि केव्हा न्याव्या हे ठरते.

तथापि या गणिताकडून भलतीच अपेक्षा करू नये. अंडी खाणारे मासे त्यात नाहीत. काठाच्या कपारींत, झाडांच्या मुळाशी अडकून राहणाऱ्या पाण्याचे चित्रण त्यात ढोबळ असते. पिल्लू थोडेफार पोहू लागले, की त्याच्या हालचाली फाशांनी ठरवता येत नाहीत. शिवाय उत्तर येते ते संभाव्यतेच्या भाषेत: अमुक प्रवाहात, अमुक तापमानाला, शंभरांपैकी इतकी अंडी सरोवरात शिरण्यापूर्वी फुटतील. कचेऱ्यांना होय किंवा नाही असे उत्तर हवे असते, कारण खर्चाचा ठराव शेकडेवारीवर मंजूर करणे अवघड जाते. पण नदीच जर दर साली निराळी वागते, तर तिच्याविषयीचे प्रामाणिक उत्तर याहून निराळे कसे असावे?

अडचण दुसऱ्या बाजूनेही येते. बॅलव्हिलचे जुने धरण २०१८ मध्ये पाडण्यात आले. देशी माशांना वरच्या पाण्यात जाऊन अंडी घालता यावी, हा त्यामागील एक हेतू होता आणि तो रास्तच होता. पण जी वाट देशी माशांस खुली झाली ती गवत्यालाही खुली झाली, आणि अंड्यांना वाहावयास मिळणाऱ्या अंतराचा हिशोब नव्याने मांडावा लागला.

या माशांच्या माहेरी, चीनमध्ये, परिस्थिती नेमकी उलटी आहे. यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणात २००३ मध्ये पाणी अडविले गेल्यावर खालच्या प्रवाहातील या चारही माशांची वाहती अंडी आणि पिल्ले फार घटली. धरणातून येणारे पाणी वसंतात उशिरा तापते, पुराचे चढाव बोथट होतात आणि विणीची वेळ चुकते. म्हणून २०११ पासून तेथे विणीच्या हंगामात धरणाचे पाणी मुद्दाम वाढत्या प्रमाणात सोडून लहानसा पूर निर्माण केला जातो. अंडी किती काळ तरतील, कोठवर जातील, कोणत्या वेगाखाली बुडतील, हे प्रश्न तेथेही हेच आहेत. फक्त ती तरावी अशी इच्छा आहे.

आपल्या देशात चंदेरा आणि गवत्या १९५९ साली आले आणि कटक येथील संशोधन केंद्राच्या तळ्यांतून पुढे देशभर मत्स्यशेतीत पसरले. तळ्यात त्यांची वीण आपोआप होत नाही, कारण तळ्याचे पाणी वाहत नाही. म्हणून ते तेथे सहसा हाताबाहेर जात नाहीत. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात मात्र निराळे घडले. १९७१ मध्ये पुरामुळे देवली येथील मत्स्यकेंद्रातले चंदेरा मासे अपघाताने या जलाशयात शिरले. पुढील वर्षांत तेथे त्यांची नैसर्गिक वीण होऊ लागली आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत त्यांचा वाटा वाढत गेला, तर कटल्याचा घटला. मच्छीमारांना उत्पन्न मिळाले, ही त्यातील जमेची बाजू. जलाशयाच्या डोक्यावर सतलजचे वाहते पाणी आहे. वरच्या अंगाला घातलेली अंडी फुटेपर्यंत वाहत राहून मग शांत, अन्नसमृद्ध पाण्यात उतरण्याची सोय तेथे आपोआप झालेली होती. नदीचा वेग, पाण्याचे तापमान आणि जलाशयाच्या तोंडापर्यंतचे अंतर, एवढे तीन आकडे हाती असले की अशा कोणत्याही जलाशयाविषयी हा हिशोब मासे सोडण्यापूर्वी मांडता येतो.